बाबांचा डबा

ड्रायव्हरच्या सीटमागे, पाय ठेवायच्या जागेत, गोणपाटाच्या दुहेरी घडीवर तो बसलेला असतो. दोन विटा शेजारी ठेवून त्यांच्यावर आणखी दोन रचल्या तर जेवढा ढीग होईल तेवढाच. रंग राखाडी, कोपरे गोलसर, डोक्यावर कडी. दिसायला बेताचा, पण उचलायला गेलं की सहा-सात किलोंचा ऐवज मनगटाला कळतो. समोर तळहाताएवढी काच आणि तिच्यावर तीन आकडे. डावीकडे आवक, उजवीकडे जावक, मध्ये शिल्लक.

गाडी सुरू करून वायरचं टोक डॅशबोर्डखालच्या लायटरच्या खोबणीत बसवलं की दोन-तीन सेकंद तो ढिम्म असतो. आलेली वीज आपल्याला चालणारी आहे का, हे जणू चाखून बघतो. मग पोटातून 'टक्' असा आवाज येतो, डावीकडचा आकडा शून्यावरून पंच्याण्णव-अठ्ठ्याण्णववर चढतो आणि त्याचा बारीक पंखा फिरू लागतो. तो पंख्याचा आवाज सुरू झाला की मी गिअर टाकते.

दुकानात त्याला पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणतात. आमच्याकडे तो 'डबा'. नाव बाबांनी ठेवलं. त्यांनी पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसगाड्यांच्या वायरिंगची, सेल्फ-अल्टरनेटरची कामं केली. रोज पहाटे आईनं भरलेला पितळी डबा सायकलच्या हँडलला अडकवून ते जायचे. भरून न्यायचा आणि जिथे भूक लागेल तिथे उघडायचा, तो डबा. एवढी सरळ व्याख्या असताना इंग्रजी नाव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

या डब्यातलं अन्न एकाच माणसासाठी आहे. सहा वर्षांपूर्वी बाबांना स्लीप ॲप्निया असल्याचं निदान झालं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, मेंदू दचकून जागा करतो, आणि हे रात्रभर चालतं. तेव्हापासून ते नाकावर मास्क लावून झोपतात. उशाशी सीपॅपचं छोटं मशीन हवेचा हलका दाब देत राहतं आणि ती वाट उघडी ठेवतं. मशीननं त्यांची झोप परत दिली, दुपारच्या डुलक्या गेल्या, रक्तदाब ताळ्यावर आला. पण ज्या माणसानं तरुणपणी रतनगडाच्या गुहेत, हरिश्चंद्रगडावर, घोंगडीवर अंग टाकून रात्री काढल्या, तो प्लगच्या दोन हातांवर झोपणारा झाला. मुक्कामाचं नाव काढलं की ते म्हणायचे, "तुम्ही जाऊन या." त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि म्हणूनच मला ते ऐकवत नसे.

डबा घरी आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे जुन्या कारागिरानं नव्या उमेदवाराकडे बघावं तसं बघितलं. शिसं आणि आम्लाची बॅटरी त्यांच्या हातातली. झाकण उघडावं, हायड्रोमीटरनं थोडं पाणी ओढून ग्रॅव्हिटी बघावी, १२६०-१२८० दिसली की भरली म्हणावं, कमी दिसली की चार्जिंगला टाकावी. पाणी उतरलं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावं, टर्मिनलवरचा पांढरा बुरा गरम पाण्यानं धुऊन ग्रीस लावावं. डब्याला झाकणच नव्हतं. आत चार चार सेलांच्या रांगा, प्रत्येक सेल ३.२ व्होल्टचा, चार मिळून १२.८, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी एक पाटी. शंभर टक्के असं काचेवर लिहून येतं खरं, पण ते लिहिणारा कोण?

म्हणून त्यांनी परीक्षा घेतली. माळ्यावरून जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब काढला, डब्याला जोडला आणि घड्याळ लावून बसले. डब्याची क्षमता ५१२ वॉट-तास. वाटेतली गळती धरून सव्वासात तास चालायला हवा, असं कागदावर मांडून ठेवलं होतं. सव्वासात तासांना काही मिनिटं कमी असताना बल्ब विझला. त्या दिवसापासून डब्याच्या काचेवरचा आकडा त्यांनी मानला.

दुसरा प्रश्न तंबूचा होता. "उशाशी ठेवायचाय. पेट घेणार नाही ना?" मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्याच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. मी त्यांना या रसायनाची कुळकथा सांगितली. लिथियम, लोह आणि फॉस्फेट यांचं हे जुळणं बॅटरीत चालतं, हे दाखवणारा शोधनिबंध १९९७ साली प्रसिद्ध झाला. टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतलं ते काम, आणि निबंधावर त्यांच्याआधी नावं आहेत ती पाढी आणि नंजुंडस्वामी यांची. या रसायनात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो, तापलं तरी सहजी सुटत नाही. म्हणून मोबाइलमधल्या कोबाल्टच्या भावंडांपेक्षा ही बॅटरी पुष्कळ शांत प्रकृतीची असते. त्याच वजनात थोडी कमी वीज मावते, पण हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते. गुडइनफ यांना २०१९ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं, हे ऐकून बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सत्त्याण्णव! आणि पाढी, नंजुंडस्वामी म्हणजे आपल्याकडचीच माणसं." डब्याची घरातली जागा तेव्हा पक्की झाली.

आता त्याच्या स्वभावाचं सांगते. तो घाई करत नाही आणि त्याला घाई करवतही नाही. घरच्या प्लगवर तो भराभर भरतो, पण गाडीतून मिळतात ते जेमतेम शंभर वॉट. लायटरची ती खोबणी मुळात सिगारेट पेटवण्यापुरती केलेली. तिच्यामागे पातळ वायर, दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज. साडेबारा-तेरा व्होल्ट आणि आठ अँपिअर, एवढंच तिचं बळ. म्हणजे रिकामा डबा भरायला साडेपाच तास गाडी चालली पाहिजे. पुण्याहून रतनवाडीला लागतो साधारण तेवढाच वेळ. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, मग संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी आणि भंडारदऱ्याच्या काठाकाठानं आत. आम्ही घरी त्याला पन्नास-साठ टक्क्यांवर ठेवतो, कारण काठोकाठ भरून महिनोन् महिने ठेवणं त्याला मानवत नाही. बाकीचं तो वाटेवर कमावतो. वाटेत काही बिघडलं नाही तर संगमनेर सोडता सोडता भरलेला असतो.

पहिल्याच फेरीत मात्र मी चूक केली. रतनवाडीला पोचलो तेव्हा तो ८३ वर होता. भात काढून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या खाचरात तंबू लावला. जागा गावातल्या मामांची, जेवण मामींच्या चुलीवरचं. गावात लाईट आहे, पण खाचरात खांब नाही, आणि गावातल्या लाईटीचा रात्रभराचा भरवसा मामाही देत नाहीत. राहिलेला डबा भरून होऊ दे, म्हणून गाडी बंद केली तरी वायर मी तशीच ठेवली. आमच्या गाडीत चावी काढल्यावरही ती खोबणी जिवंत असते. पिठलं-भाकरी, मग शेकोटी, मग बाबांच्या रतनगडाच्या गोष्टी. तासाभरात परत येणारी मी तीन तासांनी आले. मशीनसाठी डब्यातून वीज ओढून बघितलेली होती, मोबाइल लावलेले होते, कंदील लावलेला होता, आणि हे सगळं गाडीच्या बॅटरीतून भरून निघत होतं.

रात्र उत्तम गेली. सकाळी चावी फिरवली तर सेल्फ फिरेना. नुसतं टक, टक, टक.

बाबा बॉनेट उघडून उभे राहिले. चाचपण्याची गरजच नव्हती. "गाडीच्या ताटातलं डब्यात ओतलंस," ते म्हणाले. गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर तिच्यात आणि डब्यात जवळपास सारखीच वीज मावते. फरक स्वभावात आहे. शिशाची बॅटरी क्षणभर भरभरून द्यायला केलेली असते. सेल्फला दोन सेकंद शे-दीडशे अँपिअर पाहिजेत, ते ती देते, आणि पुढे अल्टरनेटर तिची भरपाई करतो. तिला तासन् तास थोडं थोडं ओढत राहिलं आणि निम्म्याखाली नेलं की ती बसते, आणि असं दोन-चारदा झालं की कायमची खंगते. डब्याचं उलटं. तो रात्रभर घोटाघोटानं देईल, पण त्याच्या बारा व्होल्टच्या भोकातून दहा अँपिअरच्या वर काही निघत नाही. सेल्फला तहान हंडाभर पाण्याची, आणि डब्याच्या हातात वाटी. निम्म्याहून जास्त भरलेला डबा आणि उपाशी गाडी एकमेकांच्या शेजारी होते आणि एकाचा दुसऱ्याला उपयोग नव्हता.

मामांनी चार पोरं बोलावली. अमृतेश्वराच्या देवळाकडे उतार आहे. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, पोरांनी रेटा दिला, बाबा ओरडले "सोड!" आणि गाडी धडधडत चालू झाली. बॅटरीत पंपाला आणि गाडीच्या मेंदूला पुरेल इतका जीव उरला होता म्हणून साधलं. अगदीच मेली असती तर धक्क्यानंही चालू झाली नसती. तेव्हापासून नियम आहे, इंजिन बंद तर वायर बाहेर. चावीआधी हात वायरकडे जातो.

मुक्कामी इंजिन चालू ठेवून डबा भरणारेही मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. उभ्या गाडीचं इंजिन तासाभरात अर्धा लिटर पेट्रोल सहज पितं आणि डब्याच्या पदरात पडतात शंभर वॉट-तास. शेजारच्या तंबूत लहान मूल झोपलेलं असतं, वारा पडला की धूर खाचरातच साचतो, आणि त्या धुरात असलेल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डबा धावत्या गाडीतच भरावा. गाडी आपल्या कामासाठी निघालेलीच असते. तिच्या अल्टरनेटरवर एवढासा भार वाढल्याचं इंजिनाला जेमतेम कळतं.

वाटेवरही त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. लायटरच्या खोबणीतली पिन स्प्रिंगवर टेकलेली असते. खड्ड्यात गाडी आदळली की टोक केसभर मागे सरतं आणि आवक शून्य होते. एकदा राजूरला चहाला थांबलो तर काचेवर ७१. नारायणगावलाही ७१ च होता. त्यानंतर बाबांनी वायरला दोरीचा आधार केला, आणि दर थांब्याला ते दोन बोटांनी टोक चाचपून बघतात. "कोमट चालेल. गरम लागलं तर काढ." सैल जोडणी आधी तापते आणि मग वितळते, हे त्यांनी बसगाड्यांच्या फ्यूजबॉक्समध्ये आयुष्यभर पाहिलेलं.

नव्या गाड्यांशी त्याचं आणखी एक भांडण आहे. मैत्रिणीच्या गाडीतून एकदा गेलो तर हायवेवर तो सारखा टक् करून थांबायचा, पुन्हा टक् करून सुरू व्हायचा. बाबांनी मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. त्यांच्या काळातला अल्टरनेटर इंजिन चालू आहे तोवर चौदाच्या आसपास ठाम उभा असायचा. आताचा हुशार. आपली बॅटरी भरली की इंधन वाचवायला हात आखडता घेतो आणि ब्रेक दाबला की फुकटची वीज एकदम देतो. दाब असा सारखा खाली-वर झाला की आमचा डबा मध्येच तोंड मिटतो. हेडलाइट लावले तर बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर पुन्हा जोर धरतो, तिथेही धरला. कायमचा उपाय म्हणजे गाडीच्या बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर आणायची आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवायचा. तो कमी दाबाची वीज डब्याला लागेल तशी करून देतो, शिवाय शंभराऐवजी दोन-तीनशे वॉटही मिळतात. बाबांच्या मनात ते काम आहे. वायरची जाडी त्यांनी काढून ठेवली आहे.

घेताना असा कुरकुरणारा हा डबा देताना मात्र गप्प असतो. रात्री तंबूत बाबांच्या उशाशी तो बसतो तेव्हा त्याचा पंखा बंद असतो, कारण मशीन मागतं ते वीस-बावीस वॉट. तेही बाबांनी हिशेब करून कमी केलेलं. हवा दमट करणारं तापतं भांडं मुक्कामी लावायचं नाही, ते एकटंच दुप्पट वीज खातं. सकाळी घसा कोरडा पडतो, त्यावर मामींच्या चुलीवरचं कोमट पाणी. आणि मशीन डब्याच्या २३० व्होल्टच्या प्लगला न जोडता त्याच्या खास डीसी वायरनं जोडायचं. "बाराचे दोनशे तीस करायचे आणि अडॅप्टरनं परत चोवीस. दोनदा टोल कशाला भरायचा?" अशा काटकसरीनं आठ तासांच्या झोपेला १८० वॉट-तास लागतात. म्हणजे डब्याचे ३५ टक्के.

पहिल्या सकाळी मामी म्हणाल्या होत्या, "रात्री तंबूतनं काय फुसफुसतंय म्हून मी दोनदा येऊन गेले." बाबांनी मास्क दाखवला, नळी दाखवली, मग डबा. मामींनी त्याच्यावर हात ठेवून बघितला. "हा तर गारच हाय," म्हणाल्या.

गेल्या जानेवारीत आम्ही तिथे तीन रात्री राहिलो. दोन रात्री आणि मोबाइल-कंदिलाचा किरकोळ खर्च होऊन तिसऱ्या दिवशी सकाळी शिल्लक २२. तिसऱ्या रात्रीला ३५ पाहिजेत. बाबा म्हणाले, "चल, तळ्याला फेरी मारू." रतनवाडीहून साम्रद, घाटघर, मुरशेत, शेंडी आणि परत. चाळीस-पन्नास किलोमीटरचा तो वळसा, रस्ता असा की गाडी रमतगमतच जाते. पाण्यापलीकडे अलंग-मदन-कुलंगची रांग, एका वळणावर कळसूबाई. मागच्या सीटपाशी डबा आपला भरत होता.

घाटघरला कोकणकड्यावर आम्ही थांबलो. खाली शहापूरकडचा मुलूख धुरकट दिसत होता. तिथे बाबांनी मला जे दाखवलं ते मी इतक्यांदा जाऊनही पाहिलं नव्हतं. या कड्याच्या वर एक जलाशय आहे आणि खाली, चोंढ्याजवळ, दुसरा. दोघांच्या मध्ये चारशे मीटरच्या आसपासची उतरण, आणि डोंगराच्या पोटात वीजघर. २००८ साली सुरू झालेला हा घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प, १२५ मेगावॉटची दोन यंत्रं. रात्री राज्यात विजेला गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. चढवायला लागते त्याहून कमीच वीज परत मिळते, पण वेळेला मिळते. बाबा कठड्याला टेकून म्हणाले, "हा महाराष्ट्राचा डबा. आपला मागे बसलाय."

त्या फेरीत डब्याला मिळाले २९ टक्के. शिल्लक ५१. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात विजेचं माप बदललं आहे. घरी बटण दाबताना काहीच मनात येत नाही. पण घाटघरची ती फेरी, साम्रदचं वळण, मुरशेतला लागलेला बैलगाड्यांचा खोळंबा, हे सगळं त्या रात्री बाबांच्या नळीतून हवा होऊन जात होतं, हे मला तंबूत पडल्या पडल्या ऐकू येत होतं. बाहेर दव पडत होतं, पारा सहा-सातवर असावा. अंधारात डब्याची काच विझलेली. मी हात लांबवून बटण दाबलं. ४०. उजवीकडे २१ वॉट. पुन्हा अंधार. पहाटे एकदा बघितलं, तेव्हा १७.

बाबांची एक जुनी डायरी आहे, एसटीच्या दिवसांपासूनची सवय. पूर्वी तिच्यात गाड्यांचे नंबर आणि ग्रॅव्हिटी असायची. आता तिच्यात डबा असतो. त्या चौथ्या दिवसाचं पान असं आहे:

रतनवाडी, सकाळी १४. झोप उत्तम. गाडी चालू ८.४०. वायर लावली, ९७ वॉट. राजूर ९.५५, ३६. टोक कोमट. संगमनेर ११.२०, ५७. वायर काढली.